पहिली ओंजळ

१

नव्या भिंतीला तहान लागते. गिलावा झाल्यावर तिला आठवडाभर तरी पोटभर पाणी पाजावं लागतं. नाहीतर ती तडकते, भेगाळते, हात फिरवला तर वाळू गळते. लहानपणी अर्धपोटी ठेवलेलं पोर मोठेपणी कुठं ना कुठं उसवतंच, तसंच हे. म्हणून बांधकामावर एक माणूस नुसता पाणी मारायला ठेवतात. इथं ते माणूस म्हणजे एक बाई होती आणि सगळे तिला पाणीवाली म्हणत. नाव होतं तिला. पण ते नवऱ्याच्याच तोंडी होतं, आणि तो आता नव्हता.

सकाळी पंप चालू करायचा, हौदातला पाइप खांद्यावर टाकायचा आणि जिने चढायचे. जिन्यांना अजून कठडे नव्हते. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा पंखा उघडतो. तो भिंतीवर वरून खाली फिरवत न्यायचा. कोरडी भिंत पाणी पिताना बारीक आवाज करते, सुस्स असा. कान देऊन ऐकला तर झोपेत दूध ओढणाऱ्या तान्ह्याची आठवण होते. राखाडी रंग काळा पडतो. पोट भरलं की ती पाणी नाकारते, खाली ओघळ सोडते. ओघळ आला की पुढची भिंत. काम सोपं, पण अंगठा सुन्न पडेपर्यंतचं.

तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली होती. एक खिडकी, एक दार, चार भिंती. खिडकीसमोरच्या भिंतीवर तिला एके दिवशी कोरडा डाग दिसला. चारी बाजूंनी भिंत काळीभोर ओली आणि मधोमध माणसाच्या पाठीएवढा राखाडी तुकडा.

अंगठा हलला असेल, असं म्हणून तिनं पुन्हा पंखा फिरवला. तुकडा काळा झाला. ती खिडकीची बाजू उरकून वळली तर तो परत राखाडी होता.

आणि त्याच्याखाली ओघळ नव्हता. बाकी सगळीकडं जमिनीवर पाण्याचे साप धावत होते. तिथं तेवढी जमिनीची पट्टी कोरडी ठाक.

२

ती भिंत तिच्या नवऱ्यानं केलेली. शेवटची.

सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हातात थापी आली की त्याची तहानभूक हरपायची. ओला माल कुणासाठी थांबत नाही, तो आवळायच्या आत लाकडी रंधा फिरवून सपाट झाला पाहिजे, म्हणून एक अख्खी भिंत संपेतो तो पाण्याकडं बघायचाही नाही. दुपारी भिंत संपली की परांचीवरून उतरायचा आणि पाणीवाली कॅन घेऊन यायची. कॅनला तिनं गोणपाटाचं अंगडं शिवलं होतं. ते भिजवून ठेवलं की पाणी गार राहायचं.

मग रोज तेच. मिस्त्री हात पुसत आधी विचारायचा, "लेकीचा फोन आला का?" लेक लग्न होऊन लांब गेलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पाणीवाली काय ते सांगायची. मग तो विचारायचा, "तू प्यालीस का?" ती म्हणायची, "प्याले." खोटं असलं तर त्याला कळायचं, मग तिला आधी प्यायला लावायचा. त्यानंतर दोन्ही हातांची ओंजळ धरायचा आणि ती कॅन कलता करायची.

पहिली ओंजळ भिंतीला. दुसरी त्याला. हा त्याचा नेम. "भिंत म्हणजे लेकच," म्हणायचा. "आधी लेकरू, मग बाप." ती हसायची. म्हणायची, "लेकरं पाजून पाजून बापाचं मढं होईल एक दिवस." बोलायची रीत असते माणसाची. कोण कशाला लक्षात ठेवतंय.

त्या दिवशीही त्यानं दोन्ही प्रश्न विचारले. पहिली ओंजळ भिंतीला मारली. दुसरीसाठी हात पुढं केले, ते तसेच खाली आले. त्यानं पाठ भिंतीला टेकली, ओल्या गिलाव्याला, जे तो कुणाला करू द्यायचा नाही, आणि हळूहळू घसरत खाली बसला. तिला वाटलं दमलाय. ती म्हणाली, "अहो, गिलावा." नवरा मरत होता आणि ती त्याला गिलावा सांगत होती, कारण त्यानंच तिला तसं शिकवलं होतं.

मग कळल्यावर तिनं त्याच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं आणि गळ्यावरून शर्टात गेलं. तिनं पुन्हा घातलं. पुन्हा आलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यात ऊन. असेल. पण तिच्या लेखी माणूस तहानलेला गेला आणि त्याचा घोट भिंतीनं प्याला. एवढंच झालं होतं.

गिलाव्यात त्याच्या पाठीचा ठसा उठला होता. मुकादमानं दुसरा गवंडी लावून तो गुळगुळीत करून घेतला. ती रडली नाही. बायका म्हणाल्या, रड, मोकळी हो. डोळ्यांत पाणीच आलं नाही तर काय पाइप लावायचा.

३

तिनं मुकादमाला डाग दाखवला. मुकादम वाईट माणूस नव्हता, घाईतला होता.

"वहिनी, वाळूत माती आली असेल. माती पाणी ओढते."

"मग बाकीच्या भिंतीतही तीच वाळू आहे ना."

"मग आतली वीट कच्ची असेल. तुम्ही मारा पाणी, पिऊ द्या. भिंतीला कधी पाणी जास्त झालंय का?"

तेही खरंच. ती मनाशी म्हणाली, वीट कच्ची असेल. विटेवर भागत नव्हतं तेव्हा म्हणाली, वाऱ्यानं सुकत असेल, खिडकी समोरच आहे. पण खिडकीला तिनं गोणपाट बांधून पाहिलं तरी डाग होताच. पोकळ असेल म्हणून बोटाच्या पेरांनी वाजवून बघितलं. पोकळ गिलावा ढब ढब वाजतो. हा ठोस होता. ठोस, आणि वाजवल्यावर एक गंमत झाली. तिनं वाजवायचं थांबवलं आणि आतून तसाच एक ठोका परत आला. उशिरा आला. कुणीतरी विचार करून दिल्यासारखा.

शेजारच्या खोलीत सुतार चौकट ठोकत असेल. त्याचाच असणार.

तिनं तळहात टेकवला. बाकी भिंत गार होती. तो तुकडा कोमट होता, तापलेल्या पोराच्या कपाळासारखा.

सुतार शेजारी नव्हता. तो खाली हौदावर तंबाखू मळत बसला होता, हे तिला जिना उतरल्यावर दिसलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाइप न घेता कॅन घेऊन गेली.

हे का केलं, असं तिला पुढं त्याच बांधकामावर घमेली वाहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेनं विचारलं. पाइपातलं पाणी हौदातलं, शेवाळाचं, भिंतीचं. कॅनमधलं पाणी माणसाचं. कुणाला तरी पाहुण्यासारखं पाणी द्यावं असं तिला वाटलं, बस. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. पण ज्याची तहान राहून गेली त्याच्यासाठी माणूस मेल्यावरही विहीर खणत बसतं, हे कुणी म्हणत नाही.

ओंजळ धरायला दोन हात लागतात आणि ओतायला तिसरा. तिसरा हात आता नव्हता. तिनं कॅन मांडीवर आडवा केला, एका तळव्यात मावेल तेवढं पाणी घेतलं आणि भिंतीवर मारलं नाही, टेकवलं. जसं आजाऱ्याच्या तोंडाला लावतात.

सुस्स झालं नाही. घोट झाला.

गळ्यातून घोट उतरताना जो आवाज होतो, मिस्त्री ओंजळीनं पाणी प्यायचा तेव्हा त्याच्या कंठाची गोटी वरखाली होताना यायचा, तो. तळवा कोरडा झाला. एक थेंब खाली पडला नाही.

ती तिथंच खाली बसली. भ्याली का? भ्यायला पाहिजे होती. पण तो गेल्यापासून पहिल्यांदाच तिला छातीत जागा झाल्यासारखं वाटलं. तिनं दुसरा तळवा भरला. तिसरा. अर्धा कॅन संपला तेव्हा ती म्हणाली, "पोटभर घ्या. आज घाई नाही."

मग रोज दुपारी. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सावलीला बसायच्या, ती कॅन घेऊन वर. जाऊ चिडवायची, "भिंतीला एवढं पाजतेस ताई, एक दिवस तिला मुतायला लागेल." सगळ्या हसायच्या. पाणीवालीही हसायची. नवरा गेल्यावर ती हसतेय म्हणून बायकांना बरंच वाटायचं.

घरी, म्हणजे हौदाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत, ती तांब्यावर तांब्या प्यायची. पोट डब्ब व्हायचं आणि जीभ तशीच टाळूला चिकटलेली. पाणी आत जात होतं, पण कुणाच्या तरी दुसऱ्याच्या आत.

५

लेकीचा फोन तिनं कायम हौदावर घेतला. तिथंच चांगला लागायचा.

"आई, पाय सुजलेत गं. डॉक्टर म्हणतात, आता कधीही. कधी येतेस?"

"येते. इथलं आटोपतच आलंय. पुढचं काम तुझ्याच गावाच्या अंगाला आहे, ट्रक तिकडूनच जाणारेय."

"घसा बसलाय का तुझा? आवाज असा का येतोय?"

"कोरड पडलीय. ऊन आहे."

"बाबा असते तर..." लेक म्हणाली आणि थांबली. दोघींच्या मध्ये फोनमध्ये नुसती खरखर. मग लेक म्हणाली, "मला तू पाहिजेस आई. दुसरं कुणी नको. सासूबाई करतात सगळं, पण मला तू पाहिजेस."

ही पण तहानच. पोटातलं पोर बाहेर यायच्या वेळी बाईला स्वतःच्या आईची लागते ती. पाणीवालीला ठाऊक होती, तिची भागली नव्हती, आई आधीच गेलेली. म्हणून लेकीची भागवायची हे तिनं लेक पोटात असतानाच ठरवलेलं.

फोन ठेवला तर जाऊ समोर उभी. कमरेवर हात.

"आरशात बघितलंस का?"

"आरसा कशाला, तू आहेस की."

"ओठ बघ. हात बघ, सुकटासारखे झालेत. मागच्या महिन्यात बांगड्या निघत नव्हत्या, आता कोपरापर्यंत जातायत. काय चाललंय तुझं त्या खोलीत?"

"पाणी मारते."

"त्या मजल्याचं पाणी कधीच संपलं. पुट्टी झाली, रंग झाला. रंगावर पाणी मारतात का कुणी?"

खोलीला पांढरा रंग झाला होता, खरं. दारं लागली होती, दिव्याची बटणं बसली होती. डाग मात्र रंगाच्या आतून दिसायचा. पांढऱ्यातही एक आणखी पांढरं असतं, सुकलेल्या मिठासारखं, तसा. आणि तो होता तिथं राहिला नव्हता. पहिल्यांदा उभ्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर होता. तिनं मिस्त्रीच्या चपट्या पेन्सिलीनं त्याच्या कडेला खूण केली, तर दुसऱ्या दिवशी खूण वर राहिली आणि डाग खाली. ओल सरकते भिंतीत, ती म्हणाली स्वतःला. ओल सरकते. कोरड सरकताना तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

आता डाग जमिनीवर बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर आला होता. तिला हात वर करायला लागू नयेत, म्हणून.

६

निघायच्या आदल्या दिवशी जाऊ तिच्या मागोमाग वर आली. पाणीवाली भिंतीला गाल लावून बसली होती.

"ऊठ," जाऊ म्हणाली.

"हळू बोल."

"कोण झोपलंय इथं?"

"बघ तू. बघून मग बोल." पाणीवालीनं तळवा भरला आणि टेकवला. घोट झाला. तळवा कोरडा. तिनं तो जावेला दाखवला, जादूगारानं दाखवावा तसा, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते बघून जाऊ दाराची चौकट धरून उभी राहिली.

पण ती कच्ची बाई नव्हती. डोक्यावर घमेली वाहून मान ताठ झालेली. तिनं कॅन हिसकला, स्वतःचा तळवा भरला आणि त्याच जागी फेकला. पाणी भिंतीवर आपटलं आणि नीट, शहाण्या पाण्यासारखं खाली ओघळलं. जमिनीवर थारोळं झालं.

"माझ्या हातचं नाही पीत," जाऊ म्हणाली. आवाज खाली आला होता. "फक्त तुझ्या हातचं."

"मीच पाजत होते त्यांना. कायम."

"ताई, हे भावजी नाहीत."

"तुला काय माहीत?"

"भावजींनी तुझ्या आधी कधी पाणी तोंडाला लावलं? सांग. मी बघितलंय ना रोज. तुला सुकवून ते पितील का?"

पाणीवालीनं भिंतीवरून बोट फिरवलं. हे तिला कळलं नव्हतं असं नाही. जे कळतं ते माणूस कुठंतरी खाली, पायाच्या दगडासारखं, पुरून ठेवतं आणि वर खोली बांधतं.

"विचारत नाही," ती म्हणाली. "रोज वाट बघते मी. हे फक्त पितं. एकदा तरी म्हणेल, तू प्यालीस का. ते कायम विचारायचे, तू प्यालीस का. हे नाही विचारत."

"मग?"

"मग काय. दुधाची तहान ताकावर. ताकही नाही मिळालं तर काय करायचं, ते सांग."

जावेनं तिला दंडाला धरून उठवलं. धरलं तशी तिची बोटं पूर्ण फिरून एकमेकांना लागली, आणि जाऊ रडायला लागली. पाणीवाली कोरड्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत राहिली. ओल्या गालांकडं. हेवा वाटल्यासारखी.

"उद्या दुपारी ट्रक निघतो," जाऊ म्हणाली. "तू माझ्याशेजारी बसायचंस. मी तुला बांधून नेईन पण नेईन."

"येते," पाणीवाली म्हणाली, आणि ते मनापासून होतं. "आता नाही येत वर. सुटले."

जिन्यात तिला वाटलं, वर खोलीत कुणीतरी पुटपुटतंय. एकच शब्द पुन्हा पुन्हा, धडा पाठ होत नसलेल्या पोरासारखा. नळ बसवलेत सगळीकडं, तिनं मनात म्हटलं. नव्या नळात हवा असते.

७

पत्र्याच्या खोलीला सकाळी आतून दव धरतं. श्वासाची वाफ पत्र्याला लागते आणि सगळा पत्रा घामेजतो. निघायच्या सकाळी पाणीवाली उठली आणि कुशीवर वळली, तर तिच्या उशीजवळचा पत्रा कोरडा होता. बाकी सगळीकडं थेंबच थेंब. तिथं तेवढा, तोंडाच्या उंचीवर, कोरडा.

ती हालली नाही. म्हणाली, माझा श्वास लागत असेल, गरम. पण श्वासानं पत्रा भिजतो, सुकत नाही. हे तर पोरालाही कळतं.

मग तिला ट्रक दिसला. पुढं रस्ता, लेकीचं घर, लेकीची खाट, खाटेशेजारची भिंत. खाटेवर नुकतं जन्मलेलं, दुधानं तोंड ओलं झालेलं लेकरू. आणि त्याच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीत एक कोरडा डाग.

ती ताडकन उठली आणि अंथरूण गुंडाळायला लागली.

सामान ट्रकात चढलं. जावेनं तिची पिशवी स्वतःच्या पायाशी ठेवली, शेजारची जागा हातानं झाडली. "चल."

"कॅन वर राहिलाय."

"राहू दे मेला."

"त्यांचा आहे. आलेच." जाऊ खाली उडी मारायच्या आत ती जिन्यात होती.

कॅनसाठी ती जात नव्हती. ती सांगायला जात होती. एकदा पोटभर पाजायचं आणि सांगायचं की आता बस, इथंच राहा. भांडायचं ठरवून निघालेली बाई होती ती. मुकादमाशी भांडली होती, सासऱ्याशी भांडली होती, भिंतीचं काय घेऊन बसलात.

८

खोलीत ऊन आलं होतं. पांढऱ्या भिंतींना उजेड झेपत नव्हता. नव्या रंगाचा वास, बंद खिडकी, कोपऱ्यात कॅन. गोणपाटाचं अंगडं तिनं काल भिजवलं होतं तसंच ओलं होतं, फक्त दोन्ही बाजूंना कोरडे पट्टे होते. लांबट, शेजारी शेजारी. जणू कुणी दोन्ही हातांनी धरून उचलून बघितला आणि परत ठेवला.

तिनं पट्ट्यांकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही. भिंतीसमोर बसली, कॅन दोन्ही गुडघ्यांत आवळला, पुढं वाकवला आणि दोन्ही हातांची ओंजळ धरली. तिसऱ्या हाताशिवाय पूर्ण ओंजळ भरली. हे आधी सुचलं नव्हतं.

"ही शेवटची," ती म्हणाली. "ही घ्या आणि मला जाऊ द्या."

घोट झाला नाही.

डाग तिच्या तोंडासमोर होता. आणि मग आवाज आला. मोठा नाही, भुताटकीचा नाही. दमलेला, हात पुसत बोलणाऱ्या माणसाचा. घसा थोडा बसलेला, गिलाव्याच्या धुळीनं त्याचा बसायचा तसा.

"तू प्यालीस का?"

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हुंदकाही नव्हता आणि हसूही. तिनं डोळे मिटले. सगळं अंग त्या आवाजाकडं वळलं, मान, खांदे, पोट, जसं रोप वळतं. मिस्त्री. तिचा मिस्त्री. आता एकच राहिलं होतं. तो आधी जे विचारायचा ते. आज उलट्या क्रमानं विचारेल. विसरला असेल, आठवेल. ती वाट बघत बसली. लेकीचं विचारा, ती मनात म्हणाली. एकदा विचारा. मग मी कुठं जात नाही.

खाली ट्रकचा भोंगा वाजला.

भिंतीनं पुन्हा विचारलं. "तू प्यालीस का?" तसंच. अगदी तसंच, त्याच जागी श्वास, त्याच जागी घोगरा. "तू प्यालीस का? तू प्यालीस का?"

आणि तिला कळलं. काल याच खोलीत, याच जागी बसून, ती हे शब्द बोलली होती. लेकीचं मात्र तो गेल्यापासून ती इथं कधीच बोलली नव्हती. लेकीचा फोन कायम हौदावर. तिच्या तोंडून जे इथं पुन्हा निघालं नाही ते याला आठवत नव्हतं.

तिची ओंजळ तशीच भरलेली राहिली. भोंगा पुन्हा वाजला, जाऊ खालून हाका मारत होती. उठायला हवं होतं. दार पाय लांब केला तर लागेल एवढ्यावर होतं. आणि तेव्हाच कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला. एवढ्या वर, जिथं कधी लागत नव्हता.

माणसाची सवय वाईट. विचार करायच्या आत तोंडातून गेलं, "लेकीचा असेल."

खोली गप्प झाली. ऐकणारं माणूस गप्प होतं तशी. पत्र्याला लागलेला डाग, ट्रक, लांबचा रस्ता, सगळं त्या एका शब्दाला येऊन जोडलं गेलं आणि तिच्या पाठीतून गार ओघळ उतरला. मग भिंतीतून, हळू, नवी चव जिभेवर घोळवावी तसं,

"लेकीचा... फोन आला का?"

त्याचा आवाज. हुबेहूब त्याचा. जे ऐकायला तिचा जीव आसुसला होता तेच. इतके दिवस सुकून बसलेल्या तिच्या डोळ्यांतून त्या क्षणी पाणी आलं. भरून आलं, गालांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून ओंजळीत. फोन वाजतच होता. लेकीला कळा सुरू झाल्या असतील. लेक म्हणत असेल, आई.

पाणीवालीनं डोळे उघडले आणि आवाज जितका साधा करता येईल तितका केला.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचा तरी चुकून लागलाय. लेक-बिक कुणी नाही मला."

भिंत थांबली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "तुम्हीच आहात. मी नाही जात कुठं. घ्या."

तिनं ओंजळ पुढं केली. खाऱ्या पाण्याची, काठोकाठ. रंगाच्या आतून काहीतरी तिच्या बोटांच्या फटीत टेकलं, पॉलिशपेपरासारखं खरखरीत आणि कोमट, आणि प्यायला लागलं.

फोन वाजून वाजून बंद पडला. खाली भोंगा वाजला, जाऊ जिना चढत होती, तिच्या चपलांचा आवाज येत होता. पाणीवालीनं ओंजळ तशीच ठेवून पाय लांब केला आणि नव्या दाराला आतून ढकललं. ते नीट बसलं. सुतारानं चांगलं काम केलं होतं.